‘सापडला नाही’ की ‘शोधला नाही’? डीएस ४३० हा निवाडा वाचताना

गेल्या सेमिस्टरला पीएचडीच्या कोर्सवर्कसाठी मी विधी विभागातला एक पेपर घेतला होता. आंतरराष्ट्रीय व्यापार आणि आर्थिक कायदा, एलएलएमच्या मुलांबरोबर. मी एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजी. माझा पीएचडीचा विषय पोल्ट्रीतले विषाणू आणि त्यांच्यासाठी केलेले नियम यांच्या मधोमध येतो, म्हणून गाईडनीच तिकडे पाठवलं. वर्गात मी एकटी विज्ञानवाली. बाकी निम्म्या जणांचा जीव लवादात अडकलेला होता, म्हणजे सिंगापूर, लंडन, मोठ्या लॉ फर्म वगैरे. जागतिक व्यापार संघटना हा भाग त्यांना परीक्षेपुरता हवा होता.

शेवटी प्रत्येकाने एका निवाड्यावर वीस मिनिटं बोलायचं होतं. मी डीएस ४३० घेतला, अमेरिका विरुद्ध भारत, बर्ड फ्लूमुळे घातलेली आयातबंदी. वाटलं, हा तर आपल्या घरचा विषय. चौदा स्लाइड केल्या. चौथ्या स्लाइडवर जाड अक्षरात लिहिलं होतं : भारताकडे शास्त्रीय पुरावा नव्हता, म्हणून भारत हरला.

मॅडमनी तिथेच थांबवलं. म्हणाल्या, “पुरावा नव्हता असं पॅनेल म्हणतं, की पुरावा मांडला नाही असं म्हणतं? आणि कुठल्या परिच्छेदात?”

मला उत्तर देता आलं नाही, कारण मी पॅनेलचा अहवाल वाचलाच नव्हता. एक छोटा सारांश, पाठ्यपुस्तकातलं दीड पान आणि दोन लेख एवढ्यावर चौदा स्लाइड झाल्या होत्या. लाजेपेक्षा जास्त भीती वाटली, कारण हेच वाक्य माझ्या सिनॉप्सिसमध्येही होतं आणि त्यावर एक अख्खं प्रकरण उभं राहणार होतं. पुढचे तीन आठवडे मी तो अहवाल वाचला. आजची पोस्ट त्या अहवालाबद्दल आहे आणि तो आपल्याकडे ज्या पद्धतीने शिकवला जातो त्याबद्दलही. दोन्हींबद्दल माझ्या तक्रारी आहेत.

आधी प्रकरण थोडक्यात. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला कोंबड्या मरायला लागल्या. भोपाळच्या उच्च सुरक्षा प्रयोगशाळेने एच५एन१ असल्याचं निश्चित केलं. भारतातला हा पहिला अधिकृत उद्रेक. ज्या देशांत बर्ड फ्लू आढळतो तिथून कोंबडीचं मांस, अंडी, पिल्लं वगैरे आणायला बंदी घालणाऱ्या अधिसूचना भारत सरकार काढत होतं. वादात आलेली अधिसूचना १९ जुलै २०११ ची. तिला आधार १८९८ च्या पशुधन आयात कायद्याचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातला. अमेरिकेने मार्च २०१२ मध्ये तक्रार केली. पॅनेलचा अहवाल ऑक्टोबर २०१४ मध्ये आला. भारताने अपील केलं आणि जून २०१५ मध्ये अपील मंडळाने पॅनेलचे बहुतांश निष्कर्ष कायम ठेवले.

यामागचं अर्थकारण सारांशात येत नाही, म्हणून सांगते. अमेरिकेत लोकांना कोंबडीच्या छातीचं मांस आवडतं, तंगड्या उरतात, आणि त्या स्वस्तात बाहेर विकल्या जातात. आपल्याकडे नेमकी उलटी आवड, तंगडीवर भांडणं होतात. त्यामुळे इथल्या पोल्ट्रीवाल्यांच्या पोटात गोळा येणं साहजिक होतं.

आता विज्ञानाचा भाग. बर्ड फ्लूच्या विषाणूंचे ढोबळ दोन प्रकार. एक जास्त तीव्रतेचा, ज्यात शेडच्या शेड दोन-चार दिवसांत साफ होते. दुसरा कमी तीव्रतेचा, ज्यात कोंबडी जरा सुस्तावते, अंडी थोडी कमी देते, कधी तेवढंही होत नाही. भारताची बंदी दोन्हींसाठी होती. अमेरिकेचं म्हणणं, कमी तीव्रतेच्या विषाणूसाठी अख्ख्या देशाच्या मालावर बंदी हे अती झालं.

पण एच५ आणि एच७ गटांतला कमी तीव्रतेचा विषाणू कोंबड्यांमध्ये फिरता फिरता बदलून जास्त तीव्रतेचा होऊ शकतो. १९८३ साली खुद्द अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात, हेच घडलं होतं. सुरुवातीला सौम्य वाटलेला एच५एन२ काही महिन्यांत मारक झाला आणि सुमारे १ कोटी ७० लाख पक्षी मारावे लागले. म्हणजे भारताची भीती हवेतली नव्हती. अहवाल उघडताना मला खात्री होती की यावर जोरदार शास्त्रीय वाद झालेला असणार.

तसा वाद तिथे नाहीच! मला पहिला धक्का इथे बसला.

असं का झालं हे कळायला एसपीएस करार, म्हणजे मानव, पशू आणि वनस्पतींच्या आरोग्यासाठीच्या उपायांवरचा १९९५ पासूनचा करार, थोडा माहीत हवा. त्याने सरकारपुढे ढोबळमानाने दोन रस्ते ठेवले आहेत. एक, तुमचा उपाय आंतरराष्ट्रीय मानकाशी जुळवा, मग तो ग्राह्य धरला जाईल (अनुच्छेद ३.२). दोन, मानकापेक्षा कडक राहायचं असेल तर स्वतःचं जोखीम मूल्यांकन करा आणि त्यावर उपाय आधारा (अनुच्छेद ५.१). भारताने पहिला रस्ता धरला. जागतिक पशुआरोग्य संघटनेची स्थलचर प्राण्यांसाठीची संहिता आहे, तिच्या १०.४ या प्रकरणाशी आमची बंदी जुळते, म्हणून वेगळ्या जोखीम मूल्यांकनाची गरज नाही, असा भारताचा बचाव होता. आपली बंदी जोखीम मूल्यांकनावर आधारलेली आहे असा बचाव भारताने घेतलाच नाही.

पॅनेलने मग त्या संघटनेलाच विचारलं की तुमच्या संहितेचा अर्थ काय. संहिता सरसकट देशबंदी सुचवत नाही. बाधित भाग वेगळा काढून बाकीच्या भागातून, अटी घालून, माल घेण्याची सोय तिच्यात आहे. म्हणून ‘जुळते’ हा दावा पडला. तो पडल्यावर दुसरा रस्ता उरला, आणि त्या रस्त्यावर भारताने काही ठेवलेलंच नव्हतं. पेनसिल्व्हेनिया १९८३ सारख्या गोष्टी ज्या कागदात यायला हव्या होत्या तो कागदच तयार झाला नव्हता. म्हणजे मॅडमच्या प्रश्नाचं उत्तर : पुरावा जगात होता, पॅनेलपुढे जोखीम मूल्यांकनाच्या रूपात तो आला नाही. माझ्या चौथ्या स्लाइडमध्ये आणि या वाक्यात किती अंतर आहे बघा. माझं वाक्य भारतीय विज्ञानावर शेरा मारत होतं. खरं अपयश प्रशासनाच्या कागदपत्रांचं आणि बचाव निवडण्याचं होतं.

आता अनुच्छेद २.३. अहवालातला मला सर्वांत आवडलेला भाग हा, आणि माझा सर्वांत मोठा आक्षेपही इथेच आहे. हा अनुच्छेद म्हणतो, सारखीच परिस्थिती असेल तर मनमानी भेदभाव करू नका, स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या मालातही नाही. पॅनेलने इथे दोन गोष्टी पकडल्या. पहिली सोपी आहे. नवापूरला साथ आली तेव्हा निर्बंध नवापूरभोवती ठरावीक किलोमीटरच्या वर्तुळात आखले गेले. अख्ख्या देशात कोंबडी विकायला बंदी झाली नाही (लोकांनी घाबरून खाणं सोडलं, ती गोष्ट वेगळी). पण अमेरिकेच्या एका कोपऱ्यात साथ आली की अख्ख्या अमेरिकेचा माल बंद. यावर भारताला चांगलं उत्तर देता आलं नाही आणि देता येण्यासारखंही नव्हतं.

दुसरी गोष्ट कमी तीव्रतेच्या विषाणूची. भारत म्हणत होता, हा विषाणू आमच्याकडे नाहीच, तो परका आहे, म्हणून बाहेरून येऊ नये यासाठी बंदी. पॅनेलने विचारलं, नाही हे कशावरून? तुम्ही शोधलात का? आणि इथे तज्ज्ञांची मतं घेतली. देखरेख मुख्यतः ‘कोंबड्या मरतायत का’ यावर चालत असेल, तर ज्या विषाणूने कोंबड्या मरतच नाहीत तो दिसणार कसा?

हे वाचताना मला एम.एस्सी.चं प्रॅक्टिकल आठवलं. निगेटिव्ह निकाल लिहिला की सर पहिला प्रश्न विचारायचे, “कंट्रोल कुठंय?” किती नमुने घेतले, कुठून घेतले, चाचणी किती कमी विषाणू पकडू शकते, हे सांगितल्याशिवाय ‘सापडला नाही’ याला काही अर्थ नसतो. एखाद्या शेडमध्ये अंडी पाच टक्के कमी झाली म्हणून कुठला पोल्ट्रीवाला पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करणार? तो खाद्य बदलेल, उन्हाला दोष देईल. परसातल्या कोंबड्यांचं तर विचारूच नका. व्यापार कायद्याच्या अहवालात हा मुद्दा इतका नेमका मांडलेला असेल असं मला वाटलं नव्हतं. आणि गंमत म्हणजे माझ्या वाचनातल्या सारांशांत आणि पाठ्यपुस्तकात या भागाला एकेक ओळ मिळाली होती : भारताने २.३ चा भंग केला.

माझा आक्षेप असा. ‘शोधला नाहीत, म्हणून तुमची बंदी भेदभावाची’ हे तर्काला धरून आहे, पण शोधायला खर्च येतो. कोट्यवधी परसातल्या कोंबड्या, हजारो लहान शेड आणि जिवंत पक्ष्यांचे बाजार असलेल्या देशाला लक्षणं नसलेला विषाणू शोधायला जितके नमुने लागतील, तितके मोठ्या बंदिस्त फार्मांच्या देशाला लागणार नाहीत. ‘सारखी परिस्थिती’ ठरवताना हा फरक धरायचा की नाही? विकसनशील देशांच्या खास गरजा लक्षात घ्याव्यात असा एक अनुच्छेद करारात आहे, दहावा. पण तो इतका सैल भाषेत लिहिलाय की त्यावर भार टाकता येत नाही. हा दोष एका पॅनेलचा नसून कराराच्या बांधणीचा आहे, हे मान्य. तरी शिकवताना या फरकाबद्दल एकही प्रश्न विचारला जात नाही, हे मला खटकतं. विधी विभागात हा प्रश्न ‘विज्ञानाचा’ म्हणून सोडून देतात आणि आमच्या विभागात ‘कायद्याचा’ म्हणून. संशोधनाचा विषय शोधणाऱ्यांनो, अशा दोन्हीकडून टाकून दिलेल्या जागा बघत जा.

सगळ्याच प्रकरणांत विज्ञान असं गैरहजर असतं असं मात्र समजू नका. अमेरिका-कॅनडा विरुद्ध युरोप हे हार्मोनचं प्रकरण वाचा. गुरांची वाढ व्हावी म्हणून सहा हार्मोन वापरले जात होते, आणि तसं मांस आयात करायला युरोपने १ जानेवारी १९८९ पासून बंदी घातली. जानेवारी १९९८ मध्ये अपील मंडळाने ठरवलं की बंदीला जोखीम मूल्यांकनाचा पुरेसा आधार नाही. वर्गात हे एवढंच शिकवतात. पण त्या निवाड्यात एका तज्ज्ञाचं मत येतं. त्यांचा अंदाज असा : दहा लाख स्त्रियांमागे सुमारे १ लाख १० हजार जणींना कधी ना कधी स्तनाचा कर्करोग होईल, आणि त्यांपैकी शून्य ते एक जणीला तो अशा मांसातल्या हार्मोनमुळे होईल, तेही हार्मोन नियमानुसार वापरले असतील तर. अपील मंडळ म्हणालं, हे मत या तज्ज्ञाने मांसातल्या अवशेषांवर स्वतः केलेल्या अभ्यासातून आलेलं दिसत नाही, म्हणून पुरेसं नाही.

थांबून विचार करा. दहा लाखांत एक ही जोखीम शून्य आहे का? एखाद्या देशाला तीही नको असेल तर? वर्गात मी हे विचारलं तेव्हा पंधरा मिनिटं खरी चर्चा झाली, अख्ख्या सेमिस्टरमधली बहुधा एकमेव. आणि दहा वर्षांनी, २००८ मध्ये, याच वादाच्या पुढच्या फेरीत अपील मंडळाने सांगितलं की जोखीम मूल्यांकन बरोबर आहे का हे ठरवणं पॅनेलचं काम नाही. ते सुसंगत आहे का, त्याला प्रतिष्ठित शास्त्रीय आधार आहे का, एवढंच बघायचं, आणि तो आधार अल्पमतातला असला तरी चालेल. त्याच निवाड्यात पॅनेलने घेतलेल्या दोन तज्ज्ञांवर आक्षेप मान्य झाला. कारण अन्नातल्या मिश्रकांवरच्या ज्या आंतरराष्ट्रीय समितीच्या निष्कर्षांवर वाद होता, त्या समितीच्या कामात ते स्वतः सहभागी होते. पुस्तकात १९९८ आणि २००८ यांना ‘तत्त्वाचा विकास’ म्हणून एकाखाली एक लिहितात. मला ती दोन वेगळी मतं वाटतात. तुम्ही वाचून ठरवा.

अभ्यासक्रमाबद्दल आणखी एक. आम्हाला अपील मंडळ असं शिकवलं जणू ते उद्या सकाळी दहा वाजता बसणार आहे. अमेरिकेने नव्या सदस्यांच्या नेमणुका अडवल्यामुळे डिसेंबर २०१९ पासून ते काम करू शकत नाही. त्यामुळे हरलेला देश अपील करतो आणि प्रकरण लटकून राहतं. उसाच्या पट्ट्यातल्या मुलांना हे घरबसल्या बघता येईल. ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमालाने उसाच्या एफआरपीवरून भारताविरुद्ध केलेल्या तक्रारीत डिसेंबर २०२१ मध्ये पॅनेलचा निर्णय विरोधात गेला, त्यानंतर भारताने अपील केलं, आणि ऐकायला कुणी नाही. हे सगळं शेवटच्या तासाला पाच मिनिटांत उरकलं गेलं.

डीएस ४३० चा शेवटही अहवालात नाही. २०१६ मध्ये अमेरिकेने भारतावर वर्षाला ४५ कोटी डॉलरची व्यापारी कारवाई करायची परवानगी मागितली. वाद रेंगाळला. सप्टेंबर २०२३ मध्ये, दिल्लीत जी-२० ची परिषद भरत होती त्या दिवसांत, दोन्ही देशांनी तो मिटवला. भारताने गोठवलेलं टर्की, बदक, ब्लूबेरी, क्रॅनबेरी अशा मालावरचं आयातशुल्क कमी करायचं कबूल केलं. विषाणूवरून सुरू झालेलं भांडण बेरीवर मिटलं! परीक्षेत डीएस ४३० वर टीप लिहिणाऱ्या माझ्या वर्गमित्रांपैकी एकालाही हे माहीत नव्हतं. त्यांचा दोष नाही, टीपेत ते विचारतच नाहीत.

वाचायचं कसं, असं काही जणांनी इन्स्टावर विचारलं होतं, म्हणून माझा अनुभव सांगते. हे अहवाल संघटनेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. जर्नलचा एक लेख मिळवायला आपण किती जणांना मेल करतो ते आठवा. भाषा इंग्रजी, फ्रेंच किंवा स्पॅनिश, मराठीत अर्थातच काही नाही. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना सुरुवातीची चाळीस पानं फार जड जातात, मलाही गेली. मी शेवटी दोन रंगांच्या पेनांनी वाचलं : पक्षकार काय म्हणतो ते निळं, पॅनेल काय म्हणतं ते लाल. अहवालात पानंच्या पानं पक्षकारांचे युक्तिवाद असतात, आणि घाईत वाचणारा तीच वाक्यं ‘पॅनेल म्हणतं’ म्हणून उचलतो. मी वाचलेल्या दोन लेखांपैकी एकाने अमेरिकेचं एक म्हणणं पॅनेलच्या तोंडी घातलं होतं, आणि मी ते तसंच स्लाइडवर चिकटवलं होतं. तज्ज्ञांची प्रश्नोत्तरंही आवर्जून बघा. विज्ञानवाल्यांना तिथे घरी आल्यासारखं वाटेल. तज्ज्ञ कधी ‘माझ्या क्षेत्राबाहेरचं आहे’ म्हणून थांबतो आणि कधी थांबायला हवं तिथे थांबत नाही, हेही दिसतं.

माझ्या सिनॉप्सिसमधलं ते प्रकरण मी काढून टाकलं. दोन महिन्यांचं काम होतं, वाईट वाटलं. गाईड एवढंच म्हणाले, “बरं झालं, आरआरसीसमोर निघालं असतं तर?” नव्या प्रकरणाचा प्रश्न साधा आहे : २००६ नंतर महाराष्ट्रात मरतुक नसलेल्या शेडमधून बर्ड फ्लूसाठी किती नमुने घेतले गेले, आणि कुठल्या चाचणीने तपासले? त्यासाठी माहिती अधिकारात अर्ज केलाय. एका कार्यालयाने तो दुसऱ्याकडे पाठवला, दुसऱ्याने पहिल्याकडे परत. तिसरं पत्र परवा टाकलं.